अमेरिकेच्या २७ आणि आपल्या १०६

२६ जानेवारी जवळ आली की एक संदेश ग्रुपांवर फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेची राज्यघटना जेमतेम चार पानांची, तरी सव्वादोनशेहून जास्त वर्षं टिकली आणि तिच्यात फक्त २७ दुरुस्त्या झाल्या. ब्रिटनला तर लेखी घटनाच नाही, तरी तिथे सगळं सुरळीत. आपली मात्र जगात सर्वांत लांबलचक आणि पाऊणशे वर्षांत शंभरावर वेळा दुरुस्त करावी लागलेली. म्हणजे मुळातच कच्ची. शिकलीसवरलेली माणसंही हे पुढे ढकलतात याचं मला वाईट वाटतं. त्यातले आकडे बहुतेक खरे आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आधी लांबीचं बघू. फिलाडेल्फियात १७८७ साली लिहिलेली अमेरिकेची घटना सात कलमांची आहे, पण ती फक्त संघराज्याची. तिथल्या पन्नासही राज्यांना स्वतःची वेगळी घटना आहे. मॅसॅच्युसेट्सची १७८० सालची, म्हणजे देशाच्या घटनेहूनही जुनी. अलाबामाच्या १९०१ च्या घटनेला तर नऊशेहून अधिक दुरुस्त्या जोडल्या गेल्या, आणि अखेर २०२२ मध्ये ती नव्याने संकलित करावी लागली. आपल्याकडे राज्यपाल, विधानसभा, उच्च न्यायालयं, केंद्र-राज्य अधिकारांची वाटणी हे सगळं एकाच घटनेत आहे. म्हणून सुरुवातीलाच ३९५ कलमं आणि ८ अनुसूची झाल्या. तुलना करायचीच तर अमेरिकेच्या सगळ्या ५१ घटना एकत्र घेऊन करावी.

लांबीचं दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना, कारभाराचा इतका तपशील घटनेत कशाला, या आक्षेपाला डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं होतं. घटनेच्या शब्दांना हात न लावता नुसती कारभाराची पद्धत बदलूनही घटना विकृत करता येते, असं त्यांचं म्हणणं होतं. संविधानिक नैतिकता, म्हणजे घटनेच्या मर्यादा मनापासून पाळण्याची वृत्ती, उपजत नसते, ती रुजवावी लागते. ती रुजलेली नसताना असा तपशील कायदेमंडळाच्या मर्जीवर न सोडणंच शहाणपणाचं. म्हणजे लांबी जाणूनबुजून, सत्तेला वेसण घालण्यासाठी स्वीकारलेली होती.

आता दुरुस्त्या. संदेश त्या मोजतो, पण त्यांत काय आहे ते उघडून बघत नाही. लोकसभा आणि विधानसभांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या राखीव जागांना कलम ३३४ ने मुळात दहा वर्षांची मुदत होती. ती वाढवायला ८वी, २३वी, ४५वी, ६२वी, ७९वी, ९५वी आणि १०४वी अशा सात दुरुस्त्या झाल्या. एकाच कलमाच्या मुदतवाढीने आकडा सातने वाढला! १२वी गोवा, दमण आणि दीव भारतात सामील करून घेण्याची, ५६वी गोवा राज्याच्या विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत यासाठीची. ७१व्या दुरुस्तीने कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, आल्या. १००वी बांगलादेशबरोबरच्या जमिनीच्या देवाणघेवाणीची. यांतली कुठली घटनेच्या कच्चेपणाची खूण आहे? उलट १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं ते संसदेच्या साध्या कायद्याने. घटनेच्या कलम ४ प्रमाणे असा कायदा घटनादुरुस्ती धरलाच जात नाही, म्हणून तो आपल्या आजवरच्या १०६ दुरुस्त्यांच्या मोजणीत नाही.

अमेरिकेचा आकडा लहान, कारण तिथली वाट फार चढणीची आहे: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर तीन चतुर्थांश राज्यांची संमती. स्त्री-पुरुष समान हक्कांची दुरुस्ती १९७२ साली तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मंजूर केली, पण १९८२ च्या मुदतीपर्यंत ३८ ऐवजी ३५ राज्यांपर्यंतच पोचली. गुलामगिरी घटनेतून हटवणारी १३वी दुरुस्ती १८६५ ची. तिच्याआधी यादवी युद्धात लाखो माणसं मेली. या २७ पैकी पहिल्या दहा तर १७९१ मध्येच एकदम आल्या, कारण नागरिकांचे हक्क मूळ मसुद्यात पुरेसे नव्हते. शिवाय घटनेचा एक शब्दही न बदलता अर्थ बदलतो: गर्भपाताचा जो हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली घटनेतून मान्य केला, तो त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये काढून घेतला. जर्मनीची १९४९ ची घटना आपल्याच वयाची, तीही साठाहून अधिक वेळा दुरुस्त झाली आहे. तिला कोणी कच्ची म्हणत नाही.

ब्रिटनबद्दल थोडक्यात. तिथे घटना एका ग्रंथात बांधलेली नाही, पण बरीचशी लेखीच आहे: १६८९ चा हक्कांचा कायदा, १९११ चा संसदेचा कायदा, १९९८ चा मानवी हक्कांचा कायदा. फरक असा की साध्या बहुमताने हे सारं बदलता येतं. संसदेची मुदत ठरवणारा २०११ चा कायदा २०२२ मध्ये असाच रद्द झाला. आणि ‘सुरळीत’ म्हणावं, तर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून झालेली संसदेची तहकुबी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवली होती.

आपल्या दुरुस्त्यांत खरोखर वाईट अशाही आहेत, आणि चर्चा व्हायला हवी ती त्यांची. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, ३९व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. त्याच नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला. आधार होता १९७३ च्या केशवानंद भारती खटल्याचा: संसद घटना दुरुस्त करू शकते, तिचा मूलभूत ढाचा मोडू शकत नाही. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने घटनादुरुस्त्या न्यायालयीन तपासणीतून सोडवायचा प्रयत्न केला. पुढे १९८० मध्ये न्यायालयाने तो भागही फेटाळला. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण काढून ‘सशस्त्र बंड’ घातलं, आणि आणीबाणीतही जगण्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद करता येणार नाही अशी तरतूद केली. फिरत्या संदेशाच्या मोजणीत ४२वी आणि ४४वी सारख्याच धरल्या जातात.