खुलासा: लंगड्या पिल्लांना नुसती शिंपल्यांची पूड पुरत नाही
‘पिल्ले लंगडत असतील तर शिंपल्यांची पूड वाढवा, जीवनसत्त्वांचा खनिजांशी संबंध नाही’ असा संदेश येऊर-घोडबंदर भागातील घरगुती कोंबडीपालकांत फिरत आहे. तो चुकीचा आहे. शिंपल्यांच्या पुडीतून कॅल्शियम मिळते, पण ड जीवनसत्त्व कमी पडले की आतड्यातून कॅल्शियम व फॉस्फरस पुरेसे शोषले जात नाहीत, आणि रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतलेच कॅल्शियम काढू लागते. त्यामुळे रक्ततपासणी ठीक दिसली तरी हाडे मऊ पडलेली असू शकतात आणि पिल्लाची चोच बोटाने दाबताच रबरासारखी वाकते. (बंद गॅलरीतले ऊन इथे कामाचे नाही, कारण अंगात ड जीवनसत्त्व तयार व्हायला आवश्यक असलेले उन्हातले अतिनील किरण काच अडवते.) अ जीवनसत्त्वाचा प्रकार तर उलटाच आहे: त्याच्या अभावी उंदरांच्या यकृतात लोह साठते, तरीही रक्तातले हिमोग्लोबिन घटू शकते.