गुडघ्याच्या एमआरआयबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय लक्षपूर्वक वाचला. कबड्डी खेळताना मुलीच्या गुडघ्याची वाटी सरकली, ती लगेच जागेवर आली, एक्स-रेही ठीक निघाला. तरीही एमआरआयसाठी गुहागरहून चिपळूणला यावे लागले, पाय सरळ ठेवून बराच वेळ निश्चल पडून राहावे लागले, आणि हाती आला तो न समजणाऱ्या आकड्यांचा अहवाल, ज्यात ‘वाटी जागेवर आहे’ असेच लिहिले होते. मग खर्च कशासाठी, असे आपण विचारले आहे. रुग्णाची माहिती जाहीरपणे देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून तिचे आकडे येथे लिहीत नाही. प्रश्नाचे उत्तर मात्र देतो.

सरकलेली वाटी बहुधा पाय सरळ करताच परत बसते, त्यामुळे तपासणीत ती जागेवर दिसणे अपेक्षितच असते. आम्ही शोधतो ते तिने जाता-येता काय मोडले आणि ती मुळात निसटली का, हे. परत येताना वाटीची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरील उंचवट्यावर आदळते व दोन्ही हाडांना आतून मुका मार बसतो. तो एक्स-रेत दिसत नाही. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारे लिगामेंट कुठे फाटले, हेही एक्स-रे सांगत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केवळ कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात पडला असेल तर तोही एक्स-रेत येत नाही, आणि पहिल्यांदा सरकलेल्या वाटीवर एरवी पट्टा व व्यायाम पुरेसे ठरत असले, तरी मोठा तुकडा सापडल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

आकडे आहेत ते वाटी पुन्हा निसटण्याचा धोका जोखण्यासाठी. वाटी ज्या खोबणीतून सरकते ती उथळ आहे का, वाटी नेहमीपेक्षा वर बसली आहे का, आणि नडगीच्या हाडावर वाटीखालची कंडरा जिथे चिकटते तो उंचवटा खोबणीच्या तळापासून किती बाहेर आहे, हे आम्ही मोजतो. हे शेवटचे अंतर २० मिलिमीटरहून अधिक असणे चिंतेचे मानले जाते. फ्रान्समधील लियों येथील अस्थिशल्यचिकित्सक देज्यूर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ही मर्यादा सीटी स्कॅनवरून मांडली. एमआरआयमध्ये तेच अंतर सहसा थोडे कमी भरते, आणि गुडघा वाकला तर आणखी घटते. पाय सरळ ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच होता.

प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला एमआरआय लागतो, असे मी कधीच म्हणत नाही. परंतु वाटी खरोखर निसटून गुडघा काही तासांतच सुजला असेल, तर मी स्वतःच्या मुलीलाही हीच तपासणी सांगेन. आपल्याकडे वाटी बसली, लेप लावला, की मुलांना थोड्याच दिवसांत पुन्हा मैदानात किंवा जाखडी नाचाच्या फेरात उतरवतात. रोवलेल्या पायावर गिरकी घेताना तीच वाटी पुन्हा निसटते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अहवाल अस्थिरोगतज्ज्ञांसाठी लिहिलेला असतो, पण तो समजून घेण्याचा आपला हक्क आहे. फिल्म घेऊन कोणत्याही दिवशी दुपारनंतर या. प्रत्येक आकडा चित्रावर दाखवून मराठीत समजावून सांगेन, त्याचे शुल्क नाही. तोवर, आणि तिच्या डॉक्टरांनी अहवाल पाहून परवानगी देईपर्यंत, तिला कबड्डी खेळू देऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
केंद्रसंचालक व रेडिओलॉजिस्ट, चिपळूण