होतच आलंय

मराठीतलं सगळ्यात खोटारडं अक्षर कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, च. "पाठवते" यात निदान थोडी तरी लाज आहे, आज नाही तर उद्या पाठवेन. पण मी "पाठवतेच" म्हटलं की समजून जायचं, बाईने फाईल अजून उघडलेली पण नाहीये. "निघालेच" म्हणजे केस ओले आहेत. आणि "होतच आलंय" म्हणजे काम नक्की काय होतं ते जरा परत सांगता का.

मागच्या आठवड्यातलीच गोष्ट (हा च खरा आहे). सोमवारी सरांनी तिमाही रिपोर्ट मागितला, शुक्रवारपर्यंत द्या म्हणाले. शुक्रवार म्हणजे काय, अख्खा आठवडा पडलाय. म्हणून मी आधी टेबल आवरलं, मग इनबॉक्स आवरला, मग वाटलं आपण शिस्तीत टायमर लावून काम करूया, ते २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं ब्रेकवालं, पोमोडोरो का काय ते. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो, ज्याने ही पद्धत काढली त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर होता म्हणून हे नाव. मला हे कसं माहीत? त्या २५ मिनिटांत मी हेच वाचत बसले होते ना. ब्रेक मात्र वेळेवर घेतला.

मंगळवारी लिफ्टमध्ये सर. "रिपोर्ट कुठवर आलाय?"

"होतच आलाय सर, फक्त आकडे एकदा चेक करतेय."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघतं की माझाच त्यावर विश्वास बसतो, म्हणजे मी खरंच जागेवर येऊन आकडे चेक करायला बसले आणि मग लक्षात आलं की आकडेच नाहीयेत. शेजारच्या टेबलवरचा सहकारी याबाबतीत माझ्यापेक्षा हुशार, तो कायम "बघतो" एवढंच म्हणतो. बघतोला कुणी पकडूच शकत नाही, तो बघत असतोच.

बुधवार मीटिंगमध्ये गेला. गुरुवारी मात्र मनाला लागलं, आपण असे का आहोत याचा शोध घ्यायचा म्हणून नेटवर बसले तर १९९४ सालचा एक अभ्यास सापडला. विद्यार्थ्यांना विचारलं प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी ३४ दिवस म्हणाले. बरं, सगळंच उलटंपालटं झालं तर? तर ४९. प्रत्यक्षात लागले ५५च्या वर! इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, हा माझा आळस नसून मनुष्यस्वभाव आहे म्हटल्यावर मी शांत मनाने घरी गेले.

शुक्रवारी दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी मी कोरी फाईल उघडली. पहिली २० मिनिटं नुसत्या शीर्षकात गेली, आधी निळं केलं, मग ते लग्नपत्रिकेसारखं दिसायला लागलं म्हणून काळं केलं, मग काळं फारच दुखवट्याचं वाटलं म्हणून परत निळं, पण जरा गडद. ५ वाजता सरांचा मेसेज, "पाठवताय ना?" आता अशा वेळी माझ्याकडे एक जुना हुकमी उपाय आहे, 'रिपोर्ट सोबत जोडला आहे' असा व्यवस्थित मेल लिहायचा आणि काहीच न जोडता पाठवून द्यायचा. तासभर तरी मिळतो. सेंड दाबलं तर मेलवाला विचारतोय, अटॅचमेंट जोडायची राहिली का? राहिली नाही रे बाबा, व्हायचीये अजून!

माझ्या रजेच्या मेलला उत्तर द्यायला तीन दिवस घेणारे सर, त्यांचं उत्तर चार मिनिटांत. "फाईल नाही आली." मग माझं "अय्या! सॉरी सर, पाठवतेच", आणि त्यानंतरचा तास मी कसा टाईप केलाय ते माझं मला माहीत. ६ वाजून ५ मिनिटांनी रिपोर्ट गेला. मी पर्स उचलली.

तेवढ्यात केबिनमधून हाक. गेले तर सर प्रिंट काढायला फाईल मेनूत शिरलेले, आणि तिथे बाजूलाच त्या मेल्या वर्डने सगळी कुंडली मांडून ठेवलेली, किती पानं, किती शब्द, फाईल कधी बनवली, आज ३ वाजून १२. खाली एकूण एडिटिंगची मिनिटं. सरांनी चष्मा वर केला, परत खाली केला.

"मॅडम, मंगळवारी तुम्ही कुठले आकडे चेक करत होतात?"

"सांगतेच सर."