धूर फक्त सिगरेटचाच नसतो
फुफ्फुसाच्या आजारांवरचा हा लेख चांगलाय, दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार), टीबी सगळ्याची लक्षणं नीट दिलीत, पण सीओपीडीचं कारण म्हणून सगळा भर सिगरेटवर, आमच्या खान्देशात येऊन बघा जरा, इथं कधी बिडीला हात न लावलेल्या बायकांना सीओपीडी असतो कारण आयुष्य गेलं चुलीपुढे पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) नि गोवऱ्या फुंकण्यात. आणि जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचं, तर नावच नाही लेखात! कापसाच्या बारीक धुळीनं बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, त्याची खूण म्हणजे सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती जाम आवळते, मग आठवडाभरात जरा सैल पडते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. तपासायला स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायचं, एक्स-रेवर सुरुवातीचा सीओपीडी बऱ्याचदा दिसतच नाही. मास्क लावतो कोण पण, मे महिन्यात ४५ डिग्रीला? फॅक्टरीत धूळ ओढणारे पंखेच पाहिजेत खरं तर. बाकी ते दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासा हे लिहिलंय ते एकदम बरोबर, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी, औषधं सगळं फुकट आहे. आणि पंपाची, म्हणजे तोंडानं औषध ओढायच्या इनहेलरची, सवय लागते म्हणून घाबरणाऱ्यांनो, नाही लागत सवय, डॉक्टरांना विचारा आणि घ्या.