हळदीचे सौदे पाहून अर्थशास्त्र येते का?

दहावीचा निकाल लागला की सांगली-मिरजेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अकरावी-बारावीला अर्थशास्त्र घेणे म्हणजे दोन वर्षे वाया घालवणे, कारण तो निव्वळ घोकंपट्टीचा विषय आहे, बाजार समजून घ्यायचा असेल तर मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहावेत, उसाचा भाव तर सरकारच ठरवते, त्यामुळे तिथे पुस्तकातला मागणी-पुरवठा चालत नाही, आणि घ्यायचाच झाला तर गणिताची भीती असलेल्यांनी हा विषय घ्यावा.

घोकंपट्टीच्या आरोपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. व्याख्या आणि वैशिष्ट्ये पाठ करून बरेच गुण मिळवता येतात, आणि अनेक विद्यार्थी तेवढेच करतात. मात्र 80 गुणांच्या लेखी परीक्षेत दिलेल्या प्रसंगातून संकल्पना ओळखणे, विधानाशी सहमत की असहमत हे कारणांसह लिहिणे, आकृती किंवा उताऱ्यावरून उत्तर काढणे असेही प्रश्न असतात. तिथे पाठांतर अपुरे पडते. दोष असेलच तर तो शिकवण्याच्या सवयीचा आहे, विषयाचा नव्हे.

हळदीचा मुद्दा अधिक रंजक आहे, कारण संदेश लिहिणाऱ्याने निवडलेले उदाहरण त्याच्याच विरोधात जाते. सौद्यात आजचा भाव दिसतो. तो तसा का निघाला हे दिसत नाही. बारावीच्या पाठ्यपुस्तकात साठा आणि पुरवठा यांत फरक केलेला आहे: विक्रेत्याजवळ असलेला माल हा साठा, आणि त्यातला जो भाग तो विशिष्ट किमतीला विकायला तयार होतो तो पुरवठा. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे, म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीतले खड्डे, ज्यांनी पाहिले असतील त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये. जमिनीखाली हळद भरून ठेवायची आणि भाव चढण्याची वाट पाहायची, म्हणजे साठा राखून पुरवठा पुढच्या काळात सरकवायचा. पीक हाती येण्यास आठ-नऊ महिने लागतात, त्यामुळे चढा भाव पाहून अनेकांनी एकाच वेळी लागवड वाढवली की माल एकदमच बाजारात येतो. आणि हळद स्वस्त झाली म्हणून कोणी भाजीत दुप्पट घालत नसल्याने भाव झपाट्याने उतरतो. मागणी अलवचीक असणे म्हणजे काय, ते हेच. नुसते सौद्याला उभे राहून हे कळत असते, तर भाव वाढल्यावर सगळ्यांनी एकदम लागवड केलीच नसती.

उसाची गोष्टही तशीच अर्धी सांगितलेली आहे. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवते, हे खरे. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) ती क्विंटलमागे 355 रुपये आहे. परंतु ती उसाची किमान किंमत आहे. कारखान्याला पैसा मिळतो तो मुख्यतः साखर विकून, आणि साखरेचा किमान विक्री दर सरकारने फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये केला असला, तरी त्याच्या वरचा भाव बाजारच ठरवतो. साखर जास्त झाली आणि भाव पडला की उसाची बिले थकतात. म्हणजे एका टोकाला किंमत बांधली तरी मागणी-पुरवठा नाहीसा होत नाही, त्याचा ताण थकबाकीच्या रूपाने दुसरीकडे दिसतो. यासाठी अर्थशास्त्र निरुपयोगी ठरत नाही, उलट ते लागतेच.

शेवटचा सल्ला मात्र सर्वांत घातक आहे. अकरावीच्या अभ्यासक्रमात विभाजन मूल्ये (आकडेवारीचे समान भाग करणाऱ्या किमती) आहेत, बारावीला लास्पेअर आणि पाशे या अर्थतज्ज्ञांच्या पद्धतीने निर्देशांक, म्हणजे किमतींसारख्या गोष्टींतला बदल दाखवणारे आकडे, काढावे लागतात. हे अंकगणिताच्या जोरावर निभावते, पण पुढची वाट तशी नाही. उदाहरणार्थ, दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीच्या प्रवेशासाठी गणित हा विषय आवश्यक आहे, आणि पदव्युत्तर पातळीवर कलन व संख्याशास्त्र यांच्याशिवाय पान हलत नाही. त्यामुळे गणित टाळण्यासाठी अर्थशास्त्र घेणारा विद्यार्थी त्याच विषयातली पुढची दारे स्वतःच बंद करून घेतो. वाणिज्य शाखेत अर्थशास्त्रासोबत गणित व संख्याशास्त्र घेण्याची सोय आहे. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात ती प्रत्यक्षात मिळते का, आणि कला शाखेतही मिळते का, हे प्रवेश अर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.