बोरीच्या पुलावर भरती-ओहोटी

अमळनेरला स्टेशनरोडच्या टपरीवर आमचा जो रोजचा कट्टा भरतो ना, तिथं परवा सुरतवाला आला होता. आमचाच गडी, आता तिकडं एका पाण्याच्या लॅबमध्ये सॅम्पल गोळा करायचं काम करतो, दिवाळीला आला. विषय निघाला तापीचा, आणि दोन चहा होईस्तोवर भांडण.

आप्पा म्हणे, "मुलताईहून ७२४ किलोमीटर येते तापी, बठ्ठी घाण आमीच देतस का तुमले?" सुरतवाला हसला. म्हणाला, तुमचं पाणी आधी उकाईत अडतं, १९७२ चं धरण आहे ते, पुढं सुरतेत सिंगणपोरचा बंधारा, त्याच्या खाली नदी अर्धी समुद्राची आणि अर्धी शहरातल्या नाल्यांची. तिथलं पाणी तपासणं म्हणजे डोक्याला ताप, कारण एकाच पुलावरून भरतीला बाटली भरली तर रिपोर्ट झकास, ओहोटीला त्याच जागी भरली तर नाक दाबायची वेळ. भरती दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, म्हणून "दर सोमवारी ११ वाजता" असलं ऑफिसचं टाइमटेबल तिथं चालतच नाही. खारं पाणी जड, ते तळाला घुसतं, वर गोडं, म्हणून बाटली वरची वेगळी आणि तळाची वेगळी. "त्यात भांगाला थर पडतात, उधाणाला सगळं ढवळून निघतं."

"भांग?" आप्पा. "ती तर आपल्याकडं शिवरात्रीले!"

(अष्टमीच्या आसपासच्या बारक्या भरतीला भांग म्हणतात. आम्हाला पण तेव्हाच कळलं.)

मग ऑक्सिजन. बाटलीत बुडबुडा राहू न देता जागेवरच दोन औषधं टाकायची, तपकिरी गाळ पडला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर समजायचं पाणी मेलं. आंघोळीच्या पाण्याला लिटरला किमान ५ मिलिग्राम लागतो, बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतू जो ऑक्सिजन खातात तो, ३ च्या आत. पण ३० डिग्रीला गोड्या पाण्यात साडेसात मावतो आणि समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच, म्हणजे तोच ५ चा आकडा दोन ठिकाणी वेगळा अर्थ सांगतो. हे मला एकदम पटलं. बातम्यांत नुसता एक आकडा छापतात, वेळ नाही, खोली नाही, खारटपणा नाही, आणि आपण मान डोलवतो.

आप्पा काही ऐकेना. "अठे कोठे शे समुद्र? वेळ कशाले ल्हिवानी?"

इथं मास्तर बोलले, ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवायचे, एरवी पेपर वाचत गप्प असतात. म्हणे, आपली भरती-ओहोटी म्हणजे ऊन रे. पावसाळा सरला की आपल्या बोरी नदीत डबकी राहतात, त्यात गटारीचं पाणी, वर हिरवं शेवाळ. दुपारी ते शेवाळ इतका ऑक्सिजन सोडतं की घाण डबकं पण पास होईल, आणि रात्रभर तेच ओढून घेतं, पहाटे मासे वर तोंड काढून आ करतात. "दुपारी १ ला सॅम्पल घेणारा फसतो नाहीतर फसवतो."

सुरतवाला म्हणे ऑक्सिजनचं मीटर घ्या एक. मास्तरांना ते काही पटलं नाही. मीटर त्या मिनिटाचं सांगतं, दगड उलटून बघा, खालचे किडे महिनाभराचं सांगतात. तीन शेपट्यांच्या अळ्या दिसल्या तर पाणी बरं, चिखलात नुसत्या लालभडक बारीक अळ्या वळवळत असल्या तर तिथं ऑक्सिजनचे वांधे, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, कमीत भागवतात. सुरतवाला म्हणाला खाडीच्या चिखलातपण आम्ही किडेच मोजतो, फक्त जाती वेगळ्या. एवढ्यावर दोघांचं जमलं, आप्पा मात्र "किडा पाहीसन नदी सुधरस का" म्हणत उठून गेला, चहाचे पैसे न देता, नेहमीप्रमाणं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याचा फोटो. ओला दगड, तळहातावर चिखल, त्यात चार-पाच लाल अळ्या. खाली लिहिलेलं: "सकाय ५:५०, पुलाखाले. दुपारले परत जास."