'रंगरंगोटी' म्हणणाऱ्या वाचकास

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. रात्रीचा राग सकाळपर्यंत उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही, म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी इथेच लिहितो.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्राफिन ऑक्साइडवर (ऑक्सिजनचे गट चिकटलेले कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) अमाइनची (नायट्रोजन असलेलं संयुग) प्रक्रिया करून ते इपॉक्सीत (पिकून कडक होणारं रेझिन) फिलर, म्हणजे भर, म्हणून मिसळलं की काय फरक पडतो, यावर मी लिहिलं होतं. त्यावर या वाचकांचं म्हणणं असं: 'ही सगळी फिलरची रंगरंगोटी आहे. ०.१ टक्क्याचा आकडा चुकलाय. नुसतं अमाइन जास्त घातलेल्या इपॉक्सीशी तुलना कुठे आहे? वाचून लिहिणाऱ्यांनी निदान नीट वाचावं.'

आकड्याचं आधी उरकतो. चूक माझी. २००६ मध्ये स्टॅन्कोविच, रुऑफ आणि सहकाऱ्यांनी पॉलिस्टायरीन या प्लास्टिकमध्ये ग्राफिन मिसळलं, तेव्हा वीज वाहू लागण्याचा उंबरठा, म्हणजे त्यासाठी लागणारं ग्राफिनचं किमान प्रमाण, ०.१ टक्का मिळाला, तो आकारमानाने. मी 'वजनाने' लिहून बसलो. ग्राफिनची घनता पॉलिस्टायरीनच्या साधारण दुप्पट, त्यामुळे वजनाने तो ०.२ च्या आसपास जातो. दुरुस्ती केली आहे, आभारही मानतो. पण एका शब्दासाठी 'नीट वाचावं'? असो.

आता 'रंगरंगोटी'. हा शब्द तुम्ही सहज टाकलात, पण तो मला सहज सोडता येत नाही.

ग्राफाइटला तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि परमँगनेटने ऑक्सिडाइझ करायची हमर्स आणि ऑफेमन यांची कृती १९५८ ची. त्यातून निघालेल्या पापुद्र्याच्या पृष्ठावर हायड्रॉक्सिल आणि इपॉक्साइड गट असतात, कडांना मुख्यतः कार्बोक्सिल. याच गटांमुळे तो पाण्यात सुरेख पसरतो. रेझिनमध्ये मात्र पापुद्रे एकमेकांनाच धरून बसतात, गुठळ्या होतात, आणि भार पेलायचं सोडून तडा तिथूनच सुरू होतो. अमाइन इथे काय करतं? त्याचा नायट्रोजन इपॉक्साइडच्या तीन अणूंच्या कड्यातल्या कार्बनवर चाल करतो, कडं उघडतं, एका कार्बनवर कार्बन-नायट्रोजन बंध बसतो आणि शेजारी हायड्रॉक्सिल उरतो. डायअमाइन असेल तर त्याचं दुसरं टोक मोकळं राहू शकतं, आणि रेझिन पिकताना तेच टोक रेझिनच्या इपॉक्साइडशी जोडलं जातं. गंमत बघा, पापुद्र्यावरचं कडं आणि रेझिनमधलं कडं एकाच जातकुळीचं. म्हणजे पापुद्रा रेझिनच्या रेणूंच्या जाळ्याच्या बाहेर राहत नाही, जाळ्याचा धागाच होतो. याला तुम्ही रंग म्हणता!

रंग खरवडता येतो. इथे सुटका हवी तर बंध तोडावा लागेल. ग्राफाइटच्या थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, ऑक्साइडमध्ये ते साधारण ०.७ ते ०.९ होतं, आणि ऑक्टाडेसिलअमाइनसारखी अठरा कार्बनांची शेपटी लावली की आणखी वाढतं. रंग दिल्याने भिंती लांब सरकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. वर सांगितलेल्या पॉलिस्टायरीनच्या कामातही पापुद्र्यांना आधी फिनाइल आयसोसायनेट लावलं होतं. हायड्रॉक्सिलचे कार्बामेट झाले, कार्बोक्सिलचे अमाइड, आणि जे द्रव्य पाण्यात पसरायचं ते पाण्याला नकोसं होऊन डायमिथाइलफॉर्मामाइड या सेंद्रिय द्रावकात पसरू लागलं. (अमाइनने ऑक्साइडचं थोडंफार क्षपणही होतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी होतो, तपकिरी द्रावण काळपट पडतं. हे मूळ लेखात राहिलं, पण ते तुम्हीही विचारलं नाहीत.)

नुसत्या अमाइनशी तुलनेचा मुद्दा संशोधन-निबंधाच्या परीक्षकाने काढावा. सर्वसाधारण वाचकासाठीच्या लेखात त्याला जागा नव्हती, आजही नाही.

राहिलं 'वाचून लिहिणाऱ्यांनी'. महोदय, बर्फावर ठेवलेल्या आम्लात चिमूट-चिमूट परमँगनेट टाकत मी रात्री काढल्या आहेत. बोटांवरचे तपकिरी डाग घेऊन एका लग्नालाही गेलो आहे. माझी अमाइन लावलेली पहिली खेप इपॉक्सीत घातली, तेव्हा काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक इपॉक्सी मऊ पडू लागते ते) वाढायचं सोडून साध्या इपॉक्सीपेक्षा खाली आलं. मार्गदर्शकांनी सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, "धुतलं होतं का?" धुतलं होतं, दोनदा, घाईत. न जोडलेलं अमाइन तसंच रेझिनमध्ये गेलं होतं आणि हार्डनरचं, म्हणजे रेझिन पिकवणाऱ्या द्रव्याचं, प्रमाण बिघडवून बसलं होतं. पुढच्या खेपेला सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणारं उपकरण) इथेनॉलने पूर्ण एक दिवस धुतलं, आणि मगच आकडे वर गेले. तेव्हा मोकळं अमाइन इपॉक्सीत काय गोंधळ घालतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही, आणि तुमच्याकडून तर नाहीच.

पुढच्या वेळी आकडा चुकला तर जरूर सांगा. नाव लिहून सांगितलंत तर उत्तरही जरा कमी लांब देईन.